विहिरीचा तळ आणि आजीचा चष्मा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की विहिरीवर पोहायला जाण्याचे सुख काय असते, ते नांदेड-लातूरकडच्या मुलांना वेगळे सांगायला नको. पाठीला रिकामा डबा बांधून मारलेला पहिला मुटका कोणी जन्मभर विसरत नाही. अशाच एखाद्या विहिरीच्या काठावर भर दुपारी उभे राहून खाली पाहा. पाणी निवळशंख असेल तर तळाचा काळा पाषाण, त्यावर पडलेले घागरीचे खापर, एखादी चुकार मासोळी, सारे स्वच्छ दिसते. आणि मनात येते, "एवढेच तर पाणी आहे! फार तर छातीला लागेल."

या 'एवढेच'मध्ये मोठा धोका लपलेला आहे. समजा, तळ पाण्याखाली चार फुटांवर आहे असे तुम्हाला वाटले, तर तो खरोखर पाच फूट चार इंचांवर असतो. सातवी-आठवीतल्या मुलाची उंची किती असते ते तुम्हीच आठवा. जे पाणी छातीइतके वाटले, ते डोक्यावरून जाते. हा हिशेब अगदी सरळ वरून पाहिले तर. काठावर बसून खूप तिरप्या नजरेने पाहिले, तर तळ आणखी वर आलेला दिसतो. इतका की खरी खोली दिसणाऱ्या खोलीच्या दुपटीहूनही जास्त भरते. विहिरीची खोली आपल्याकडे परसात मोजतात. दोन परस पाणी वरून पाहणाऱ्याला दीडच परस वाटते, आणि तो अर्धा परस पोहता न येणाऱ्याच्या जिवावर बेततो.

मौज अशी की पाणी जितके स्वच्छ, तितकी ही फसवणूक पक्की. पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पूर येतो, तेव्हा नांदेडच्या घाटावर उभ्या असलेल्या माणसाला तळ दिसतच नाही; त्यामुळे तो आपोआप सावध असतो. पण हिवाळा-उन्हाळ्यात पाणी निवळले की घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या एकीखाली एक दिसू लागतात. 'आणखी एक पायरी उतरू' असे वाटते, आणि पाय ठेवायला जावे तर पायरी असायला हवी तिथे नसतेच! शेततळ्यांची गोष्ट तर अधिक वाईट. तिथे खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तळ दिसतो जवळ, कड असते निसरडी, आणि एकदा पाय सरकला की वर चढायला आधार सापडत नाही. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात बुडण्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांतल्या प्रत्येकीला हेच कारण असते असे नाही. पण पाण्याची खोली डोळ्यांनी मोजायची नसते, काठीने किंवा दोराला दगड बांधून मोजायची असते, एवढे मात्र पदार्थविज्ञान छातीठोकपणे सांगू शकते.

असे का होते, ते आता पाहू.

वळले कोण?

एक पसरट, अपारदर्शक भांडे घ्या. त्याच्या तळाशी एक रुपयाचे नाणे ठेवा. भांड्याकडे पाहत हळूहळू मागे सरका. एका जागी भांड्याच्या काठाआड नाणे नेमके दिसेनासे होईल. तिथेच थांबा. मान हलवू नका. आता मित्राला भांड्यात अलगद पाणी ओतायला सांगा. पाणी चढू लागले की नाहीसे झालेले नाणे पुन्हा दिसू लागते. नाणे हलले नाही, तुम्ही हलला नाहीत, भांडेही हलले नाही. मग वळले कोण? अर्थात प्रकाश!

नाण्यापासून निघालेला किरण पाण्यातून हवेत येताना पृष्ठभागापाशी आपली दिशा बदलतो आणि जास्त तिरपा होऊन तुमच्या डोळ्यात शिरतो. आपल्या डोळ्याला, खरे म्हणजे मेंदूला, याची काहीच दाद नसते. आलेला किरण सरळच आला, असे तो धरून चालतो आणि किरणाची रेघ सरळ मागे वाढवून तिथे नाणे पाहतो. म्हणून नाणे वर उचलले गेल्यासारखे दिसते. विहिरीच्या तळाचेही तसेच.

या घटनेला जुन्या पुस्तकांत 'वक्रीभवन' म्हणत. दहावीच्या सध्याच्या पुस्तकात 'अपवर्तन' हा शब्द आहे. मला जुना शब्द कानाला गोड वाटतो, पण त्यात एक खोट आहे. किरण इथे वक्र होतच नाही. तो पाण्यातही सरळ जातो आणि हवेतही सरळच जातो; दोघांच्या सीमेवर तेवढा मोडतो.

चिखलात शिरणारी गाडी

पण तो मोडतो तरी का? यासाठी बैलगाडीचे उदाहरण घेऊ. टणक सडकेवरून निघालेली गाडी काळ्या रानातल्या चिखलात तिरपी शिरत आहे अशी कल्पना करा. समजा, डावे चाक आधी चिखलात गेले. ते मंदावते. उजवे चाक अजून सडकेवरच आहे, ते पहिल्याच वेगाने पळते. परिणाम काय? गाडी डावीकडे वळते. दोन्ही चाके चिखलात गेली की पुन्हा सरळ चालू लागते, पण नव्या दिशेने. गाडी चिखलात नाकासमोर सरळ घातली असती, तर दोन्ही चाके एकदम मंदावली असती आणि गाडी वळली नसती. चिखलातून पुन्हा सडकेवर येताना सारे उलट होते: आधी बाहेर पडलेले चाक जोरात पळते आणि गाडी दुसऱ्या बाजूला वळते.

प्रकाशाला चाके नसतात. पण तो तरंगरूपाने जातो, आणि त्या तरंगाच्या आघाडीला रुंदी असते. आघाडीचे एक टोक आधी पाण्यात शिरून मंदावले की सारी आघाडी वळते. सीमेला काटकोनात काढलेल्या रेषेला स्तंभिका म्हणतात. जलद माध्यमातून मंद माध्यमात जाताना किरण स्तंभिकेकडे झुकतो, आणि मंदातून जलद माध्यमात येताना तिच्यापासून दूर जातो.

निर्वात जागेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. पाण्यात हा वेग सुमारे सव्वादोन लाखांवर येतो, साध्या काचेत २ लाखांवर आणि हिऱ्यात तर सव्वा लाखाच्याही किंचित खाली. निर्वातातील वेगाला माध्यमातील वेगाने भागले की त्या माध्यमाचा अपवर्तनांक मिळतो: पाण्याचा १.३३, काचेचा सुमारे १.५, हिऱ्याचा २.४२. मघाशी चार फुटांचे पाच फूट चार इंच झाले, ते चाराला या १.३३ नेच गुणून.

किरण किती वळेल याचा नियम बगदादच्या इब्न सहल याने इ. स. ९८४ च्या सुमारास ओळखला होता. युरोपात तो १६२१ मध्ये नेदरलँड्सच्या स्नेलने पुन्हा शोधला आणि त्याच्याच नावाने तो तुमच्या पुस्तकात आला आहे. मात्र पाण्यात प्रकाश मंदावतो की वेगावतो, यावर पुढे कितीतरी वर्षे वाद चालला. प्रकाश म्हणजे बारीक कणांचा झोत, असे मानणाऱ्या न्यूटनच्या मते तो पाण्यात जास्त वेगाने जायला हवा होता! १८५० साली पॅरिसमध्ये फुको या शास्त्रज्ञाने गरगर फिरणाऱ्या आरशाच्या साह्याने हवेतला आणि पाण्यातला प्रकाश शर्यतीला लावला. पाण्यातला मागे पडला. न्यूटनसारख्याचे म्हणणेही प्रयोगापुढे टिकले नाही.

आता या सगळ्यातली जी गोष्ट मुलांच्या हमखास नजरेतून सुटते, ती सांगतो. प्रकाश वळण्याचे कारण काच किंवा पाणी हे नव्हे, तर दोन बाजूंच्या वेगांतला फरक हे आहे. फरक नसेल तर वळणे नाही. तुमच्या प्रयोगशाळेत बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी आणि ग्लिसरीन असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने एक गंमत करून पाहा. पेल्यातल्या ग्लिसरीनमध्ये नळी बुडवा आणि तीही ग्लिसरीनने भरू द्या. बुडालेला भाग जवळजवळ अदृश्य होतो! या काचेचा आणि ग्लिसरीनचा अपवर्तनांक जवळजवळ सारखाच, १.४७ आहे. प्रकाशाला सीमा आल्याचे कळतच नाही. तो वळत नाही, परततही नाही. मग दिसणार काय?

सडकेवरचे पाणी

फरक अगदी लहान असला तरी पुष्कळ लांब अंतरात त्याचा परिणाम दिसून येतो. हवेत प्रकाश निर्वातापेक्षा सेकंदाला फक्त नव्वदएक किलोमीटरने मंद असतो. हवा तापली की विरळ होते आणि हा फरक आणखी कमी होतो. मे महिन्यात नांदेड-लातूर रस्त्यावर दुपारी एस.टी.त पुढच्या बाजूला बसा. डांबराला लागून असलेली हवा अतिशय तापलेली असते, वरची त्या मानाने थंड. आकाशाकडून तिरपा खाली येणारा किरण जसजसा तापलेल्या थरांत शिरतो, तसतशी त्याची खालची बाजू किंचित जास्त वेगाने पळते आणि तो हळूहळू वर वळून आपल्या डोळ्यात येतो. डोळा नेहमीप्रमाणे सरळ मागे रेघ ओढतो आणि सडकेवर आकाशाचा तुकडा पाहतो. तेच मृगजळ. इथे किरण खरोखरच वक्र होतो, तेव्हा जुना शब्द इथे शोभून दिसतो. मृगजळ हा डोळ्यांचा भास नव्हे, हेही लक्षात ठेवा. प्रकाश खरोखर तिकडूनच येत असतो, म्हणून कॅमेऱ्यातही त्याचे छायाचित्र येते. भास असतो तो 'पाणी आहे' हा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत सडकेवर मात्र दर दुपारी तळी भरलेली दिसत असणार.

संध्याकाळी मावळतीचे सूर्यबिंब क्षितिजाला नुकते टेकलेले दिसते, तेव्हाही हाच प्रकार. वातावरणाने प्रकाश वळवल्यामुळे ते आपल्याला दिसते. प्रत्यक्षात सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. उगवतीला आणि मावळतीला मिळून आपल्याला दिवसाकाठी चारेक मिनिटे उजेड फुकट मिळतो म्हणा ना!

भिंगाची ताकद कुठे असते?

आता भिंगाकडे वळू. काचेच्या तुकड्याचे दोन्ही पृष्ठभाग गोलाकार घासले, मध्ये जाड आणि कडेला पातळ ठेवले, की बहिर्गोल भिंग झाले. मधोमध पडलेला किरण सरळ आरपार जातो. कडेला पडणाऱ्या किरणाला पृष्ठभाग अधिक तिरपा भेटतो, म्हणून तो अधिक वळतो. कडेचे किरण जास्त वळतात आणि मधले कमी, त्यामुळे सारे एका बिंदूत येऊन मिळतात. भिंगापासून त्या बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. ते मीटरमध्ये मोजून १ ला त्याने भागले की भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मिळते. आपण ज्याला चष्म्याचा 'नंबर' म्हणतो, तो हाच. अर्ध्या मीटरवर किरण गोळा करणारे भिंग २ नंबरचे, दहा सेंटिमीटरवर करणारे १० नंबरचे. मध्ये पातळ आणि कडेला जाड असे अंतर्गोल भिंग किरण फाकवते, म्हणून त्याचा नंबर उणे.

घरात कोणाची चाळिशी असेल तर ती घेऊन खिडकीसमोरच्या भिंतीपाशी जा. चष्मा भिंतीजवळ धरून मागे-पुढे करा. एका अंतरावर खिडकीबाहेरच्या झाडाचे छोटे, उलटे, रंगीत चित्र भिंतीवर उमटेल. ते अंतर मोजले की नंबर निघाला. मात्र भिंगातून सूर्याकडे कधीही, अगदी क्षणभरही, पाहू नका. जे भिंग कागद पेटवते, ते डोळ्याचा पडदाही जाळते. (चाळिशी हा शब्द मराठीने किती नेमका केला आहे पाहा! चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि वर्तमानपत्र लांब धरावे लागते. प्रस्तुत लेखकाचा हात अलीकडे पुरेसा लांब राहिलेला नाही.)

आता खरा प्रयोग. हातात धरायचे एक बहिर्गोल भिंग घ्या आणि त्यातून बादलीच्या तळाशी ठेवलेली एखादी खूण, म्हणजे एखादी नक्षीची फरशी किंवा नाणे, पाहा. आता तेच भिंग बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून खुणेपासून तितक्याच अंतरावर धरा. मघाशी मोठी दिसणारी खूण आता जेमतेम मोठी दिसते. काचेची भिंगे बदलली का? नाही. काच तीच, आकार तोच. पण हवा आणि काच यांच्या वेगांत जो मोठा फरक होता, तो पाणी आणि काच यांच्यात उरला नाही. गणित केले तर हवेत १० सेंटिमीटरवर किरण गोळा करणारे काचेचे भिंग पाण्यात सुमारे ४० सेंटिमीटरवर करते. शक्ती चौथाईवर आली! भिंगाची ताकद एकट्या भिंगात नसते. ते कशात ठेवले आहे यावरही ती तेवढीच अवलंबून असते.

पाण्यात डोळे उघडले तर

विहिरीत बुडी मारून डोळे उघडणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक आहे, फक्त त्याचे कारण ठाऊक नसते. पाण्यात सगळे धूसर, विस्कटलेले दिसते. पाणी कितीही स्वच्छ असले तरी.

आपला डोळा हे सुमारे ६० डायॉप्टरचे यंत्र आहे. आपल्याला वाटते, हे सगळे काम डोळ्यातले भिंग करते. तसे नाही. डोळ्याच्या पुढचा जो पारदर्शक, फुगीर पडदा, ज्याला पारपटल म्हणतात, तोच चाळीसहून अधिक डायॉप्टरचे काम करतो. कारण त्याच्या पुढे हवा असते, म्हणजे वेगांतला फरक मोठा. आतले भिंग नेत्रजलात बुडालेले असते. तिथे फरक लहान, म्हणून त्याच्या वाट्याला वीसच्या आसपास डायॉप्टर येतात. पाण्यात डोळे उघडले की पारपटलापुढची हवा जाऊन पाणी येते. पाणी आणि पारपटल, दोघांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा. झाले! पारपटल ग्लिसरीनमधल्या नळीसारखे निकामी होते. किरण दृष्टिपटलावर जुळायच्या ऐवजी त्याच्या खूप मागे जुळू पाहतात. पोहण्याचा चष्मा घातला की स्पष्ट दिसते, ते त्या काचेमुळे नव्हे. तिच्या मागे अडकलेल्या हवेमुळे.

मग मासा कसा पाहतो? त्याचे पारपटल तर जन्मभर पाण्यातच. म्हणून त्याने सारी भिस्त आतल्या भिंगावर ठेवली आहे, आणि ते चपटे नसून गोटीसारखे गोल असते. शिजवलेल्या माशाच्या डोळ्यातून निघणारी पांढरी टणक गोळी पाहिली असेल, तीच त्याचे भिंग. जिवंतपणी ते स्वच्छ पारदर्शक असते; शिजल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखे पांढरे होते.

आजीचा जाड चष्मा

माणसाच्या डोळ्यातले भिंगही प्रथिनांचेच बनलेले असते, आणि वयपरत्वे तेही गढूळ होते. त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. उजेड दिसतो, सून दिसते की नात ते कळत नाही, तांदळातला खडा दिसत नाही, उंबरा दिसत नाही. यावर औषधाचे थेंब नाहीत; गढूळ भिंग वाटेतून दूर करणे हाच उपाय. सुश्रुतसंहितेत यासाठी शस्त्रक्रिया सांगितली आहे: शलाकेने ते भिंग बाजूला सारून प्रकाशाची वाट मोकळी करायची. पुढे भिंग बाहेरच काढू लागले.

पण भिंग काढल्यावर वीस डायॉप्टरची जी तूट पडली, तिचे काय? ती चष्म्याने भरून काढत. गावोगाव शाळेत किंवा धर्मशाळेत नेत्रशिबिरे भरत, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली म्हातारी माणसे रांगेने बसलेली असत, आणि काही आठवड्यांनी त्यांना सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळे. त्याचा नंबर असे अधिक १० च्या आसपास. चौकस विद्यार्थी विचारील, वीसची तूट दहाने कशी भरली? उत्तर असे की भिंग दृष्टिपटलाच्या जितके जवळ, तितके किरणांना थोड्या अंतरात जुळायचे असते, म्हणून जास्त शक्ती लागते. चष्मा डोळ्याच्या बाहेर, दूर असतो. तिथे कमी शक्ती पुरते.

मात्र बाहेर राहण्याची किंमत द्यावी लागे. या चष्म्यातून प्रत्येक वस्तू २५ ते ३० टक्के मोठी दिसे. मोठी म्हणजे जवळ आलेली. त्यामुळे आजी चहाचा कप धरायला जाई तो अलीकडेच, आणि पायरीवर पाय टाकी तो चुकून. दाराच्या चौकटी वाकड्या दिसत. चष्म्याच्या कडेलगत एक असे कडे असे की त्यात काहीच दिसत नसे, आणि तिथून सायकलवाला एकाएकी प्रकट होई. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असली तर दोन डोळ्यांतली चित्रे लहान-मोठी, ती मेंदूला जुळवता येत नसत. आणि चष्मा पडून फुटला, की नवा येईपर्यंत माणूस पुन्हा आंधळा. आपल्या पणजीच्या किंवा आजीच्या जुन्या फोटोत असा चष्मा असेल, तर तिचे डोळे त्यामागे केवढे मोठे दिसतात ते पाहा.

विमानाच्या काचेतून सुटलेले कोडे

जिथे भिंग होते तिथेच नवे बसवले तर? हे धाडस लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाने २९ नोव्हेंबर १९४९ रोजी केले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताच्या ॲक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. रिडलींनी पाहिले की हे तुकडे वर्षानुवर्षे आत राहिले तरी डोळा त्यांना फारसा विरोध करत नाही. म्हणून त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग करवून घेतले.

भिंग बसले, पण रुग्णाला मोठा उणे नंबर आला. म्हणजे ते गरजेपेक्षा फारच ताकदवान ठरले. आपण इतका वेळ जे बोललो त्याच्या आधारे आता विचार करा. डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचा अपवर्तनांक १.४० च्या आसपास, नेत्रजलाचा १.३४, आणि या प्लास्टिकचा १.४९. नैसर्गिक भिंगाइतकाच फुगवटा प्लास्टिकला दिला तर वेगांतला फरक दुपटीहून जास्त होतो, आणि शक्तीही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून आजची कृत्रिम भिंगे मूळ भिंगापेक्षा पुष्कळच पातळ असतात. असे २० डायॉप्टरचे भिंग डोळ्यात बसवण्याआधी हवेत धरले, तर ते साठाहून अधिक डायॉप्टरचे काम करील आणि दीडएक सेंटिमीटरवरच किरण गोळा करील. डोळ्यात बुडाले की तेच वीसचे होते. बादलीतल्या भिंगाचीच ही गोष्ट!

रिडलींना सुरुवातीला त्यांच्याच व्यवसायातून फार विरोध झाला. पुढे पद्धत सुधारली, भिंगाची घडी घालून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ते आत सरकवता येऊ लागले. १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये ही भिंगे बनू लागली आणि परदेशी भिंगांच्या मानाने त्यांची किंमत कित्येक पटींनी उतरली. तेव्हा कुठे हे खेड्यापाड्यांतल्या माणसाच्या आवाक्यात आले. या कामात आपल्या भागाचेही एक नाव आहे. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातील माकेगावात जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि ठिकठिकाणच्या शिबिरांत मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रत्येक डोळ्याला किती नंबरचे भिंग लागेल, हे शस्त्रक्रियेआधी ठरवावे लागते. त्यासाठी पारपटलाचा फुगवटा आणि डोळ्याची पुढून मागे लांबी मोजतात. ही लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. तुमच्या पट्टीवरची सर्वांत लहान रेघ ती हीच.

तुमच्या आजीच्या किंवा आजोबांच्या डोळ्यात असे भिंग बसवलेले असेल, तर संध्याकाळी दिवा लावल्यावर त्यांच्या एका बाजूला बसा आणि त्यांना सावकाश मान वळवायला सांगा. एका विशिष्ट कोनात त्यांच्या बाहुलीत काचेसारखी एक चमक क्षणभर दिसून जाईल. तुमच्या डोळ्यात ती तशी दिसणार नाही. ज्या सीमेवर वेगांतला फरक जास्त, तिथून प्रकाश जास्त परततो. आणि प्लास्टिक व नेत्रजल यांच्यातला फरक आपल्या जन्मजात भिंगापेक्षा मोठा आहे.